गाडी डीलरकडे, नोंद मात्र अजून तुमच्याच नावावर

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका गृहस्थांनी आपली नऊ वर्षांची मोटार जुन्या गाड्यांच्या एका डीलरला विकली. ठरलेली रक्कम पूर्ण मिळाली. डीलरने किल्ल्या, आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) आणि विम्याची प्रत ठेवून घेतली आणि दोन-तीन छापील फॉर्मवर सह्या घेतल्या. या गोष्टीला चार महिने झाले. आता त्यांच्या मोबाइलवर वेगमर्यादा ओलांडल्याचे चलन आले आहे, आणि परिवहन संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक टाकला तर मालकाच्या रकान्यात अर्धवट झाकलेली जी अक्षरे दिसतात ती त्यांच्याच नावाची आहेत. डीलर सांगतो की गिऱ्हाईक मिळाले की थेट त्याच्या नावावर करून देऊ, तोवर काळजीचे कारण नाही. गाडी विकली गेली आहे की नाही आणि आज ती रस्त्यावर काही करून बसली तर जबाबदार कोण, असे त्यांनी विचारले आहे.

मी बावीस वर्षे जुन्या गाड्यांच्या व्यवहारांची कागदपत्रे पाहतो, आणि त्यातील बहुतेक काळ डीलरच्याच बाजूच्या टेबलावर बसून काढला आहे. त्यामुळे खाली जे लिहितो त्यात डीलरची बाजू मला ठाऊक नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. उत्तर एका वाक्यात द्यायचे तर गाडी विकली गेली आहे, पण ती तुमच्या आणि डीलरच्या दोघांपुरती. पोलीस, अपघातग्रस्त आणि न्यायालय यांच्या दृष्टीने ती अजून तुमचीच आहे.

हा विरोधाभास वाटतो, पण दोन वेगवेगळे कायदे एकाच गाडीकडे दोन बाजूंनी पाहतात एवढेच त्याचे कारण आहे. मोटार ही जंगम वस्तू असल्यामुळे तिची विक्री १९३० च्या मालविक्री कायद्याखाली येते, आणि त्या कायद्यानुसार दोन्ही पक्षांच्या मनात मालकी ज्या क्षणी हस्तांतरित करायची असते त्या क्षणी ती होते. जमिनीप्रमाणे दस्त नोंदवल्याशिवाय विक्रीच नाही, अशी अट मोटारीला नाही. पैसे मिळाले आणि ताबा दिला की विक्री पुरी झाली. याउलट १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम २(३०) मध्ये मालक म्हणजे ज्याच्या नावे वाहन नोंदलेले आहे ती व्यक्ती, अशी व्याख्या आहे. कर्जावर घेतलेल्या गाडीसाठी आणि अज्ञान मालकासाठी तिथे अपवाद आहेत, पण विकून टाकलेल्या आणि नोंद न बदललेल्या गाडीसाठी अपवाद नाही.

सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिलेल्या निकालात ही गोष्ट अगदी स्वच्छ झाली. त्या प्रकरणातील नोंदणीकृत मालकाने आपली गाडी २००७ मध्ये विकली होती, त्यानंतर ती आणखी काही हातांतून गेली आणि मे २००९ मध्ये तिच्याखाली सापडून अपघात झाला. आरसीवर नाव पहिल्याच मालकाचे होते. भरपाईची जबाबदारी न्यायालयाने त्याच्यावर टाकली. ज्याचा माणूस गेला आहे त्याने गाडी कोणी कोणाला विकली याचा माग काढत फिरावे अशी अपेक्षा ठेवता येणार नाही, हा त्यामागचा विचार आहे आणि तो मला योग्य वाटतो. भरपाई भरल्यावर पुढच्या खरेदीदाराकडून ती वसूल करण्याचा मार्ग मोकळा असतो, पण तो स्वतःच्या खर्चाने आणि स्वतःच्या वेळाने चालायचा मार्ग असतो.

भरपाईपुरताच हा विषय नाही. गाडी कोण चालवत होते याची माहिती पोलिसांनी मागितल्यास ती देण्याचे बंधन कलम १३३ मालकावर घालते, परवाना नसलेल्या माणसाच्या हाती गाडी दिल्याचा ठपकाही मालकावर येतो, आणि अल्पवयीन मुलगा गाडी चालवताना सापडला तर २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९९अ पालकाबरोबर वाहनमालकालाही आरोपी मानून चालते. १० नोव्हेंबर २०२५ रोजी दिल्लीत लाल किल्ल्याजवळ ज्या मोटारीचा स्फोट झाला ती जुन्या गाड्यांच्या बाजारातून अनेक हात फिरलेली होती, आणि नोंदणी क्रमांकावरून तपास यंत्रणा आधी पोहोचल्या त्या तिच्या जुन्या मालकाच्या दारात. असे प्रकार क्वचित घडतात हे खरे आहे, पण क्रमांकावरून माणूस शोधण्याची पद्धत चलनासाठी जी आहे तीच त्या प्रकरणातही होती.

आता डीलर नोंद स्वतःच्या नावावर का करून घेत नाही, ते सांगतो. आरसीवर मालकाचा अनुक्रमांक असतो आणि प्रत्येक हस्तांतरणाला तो एकाने वाढतो. फर्स्ट ओनर गाडीला जो भाव येतो तो सेकंड ओनर गाडीला येत नाही, आणि डीलरने आपले नाव मध्ये घातले की खरेदीदाराला ती एक हात जास्त फिरलेली दिसते. शिवाय शुल्क, कागद आणि कार्यालयातील वेळ दोनदा लागतो. म्हणून या धंद्यात फार जुनी रीत पडली आहे की विकणाऱ्याकडून फॉर्म २९ आणि फॉर्म ३०, म्हणजे विक्री कळवण्याचा आणि नाव बदलण्याचा अर्ज, यांवर सह्या घेऊन ठेवायच्या, खरेदीदाराचे नाव आणि तारीख कोरी ठेवायची, आणि गिऱ्हाईक आले की भरायची. सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुली मारलेली असते. मी अशा शेकडो फायली हाताळल्या आहेत. सही निळ्या शाईची, तारीख काळ्या बॉलपेनची, आणि दोन्हींच्या मध्ये सहा महिने गेलेले. त्या सहा महिन्यांत गाडी कोणाची होती हे त्या कागदावरून ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

डीलरची आर्थिक अडचण खरी आहे हे मी मान्य करतो. परंतु त्या अडचणीचा सगळा धोका ज्याने गाडी विकून हात धुतले असे ज्याला वाटते त्याच्या डोक्यावर ठेवला जातो, आणि तसे त्याला कोणी सांगत नाही.

नेमकी हीच पोकळी भरून काढण्यासाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून नियम ५५अ ते ५५ह लागू झाले. नोंदणीकृत वाहनांची खरेदी-विक्री करणाऱ्या डीलरला आता नोंदणी प्राधिकाऱ्याकडून, म्हणजे परिवहन कार्यालयाकडून, प्राधिकारपत्र घ्यावे लागते. ते फॉर्म २९ब मध्ये मिळते आणि पाच वर्षे चालते. गाडी अशा प्राधिकृत डीलरच्या ताब्यात देताना मूळ मालक आणि डीलर या दोघांनी मिळून फॉर्म २९क मध्ये ताबा दिल्याची सूचना परिवहन संकेतस्थळावर ऑनलाइन द्यायची असते. ती दाखल झाली की पोचक्रमांक तयार होतो, आणि तेव्हापासून डीलर हा मानीव मालक, म्हणजे नोंद नावावर नसूनही कायद्याच्या दृष्टीने मालक, समजला जातो. गाडीची सुरक्षितता, तिचे कागद आणि तिच्या हातून जे काही घडेल त्याची जबाबदारी त्याच्याकडे जाते.

या व्यवस्थेतील खुबी अशी की आरसीवरील नाव बदलत नाही आणि मालकाचा अनुक्रमांकही वाढत नाही. म्हणजे डीलर ज्या कारणासाठी हस्तांतरण टाळत होता ते कारणच नियमाने काढून घेतले आहे. त्यापुढे जाऊन डीलरला त्याच्या ताब्यातील गाडीसाठी नोंदणीचे नूतनीकरण, योग्यता प्रमाणपत्राचे नूतनीकरण, आरसीची दुय्यम प्रत, ना हरकत प्रमाणपत्र आणि हस्तांतरण यांसाठी स्वतः अर्ज करण्याचा अधिकारही मिळाला आहे. पूर्वी यातील प्रत्येक कामासाठी मूळ मालकाला फोन करून सहीला बोलवावे लागे, आणि तो परगावी गेलेला असला की गाडी महिनोन्महिने पडून राहत असे. त्या बदल्यात गाडी रस्त्यावर आणण्यावर बंधने आहेत. संभाव्य गिऱ्हाइकाला चालवून दाखवणे, दुरुस्तीला किंवा रंगकामाला नेणे अशा मोजक्या कारणांसाठीच ती बाहेर काढता येते, आणि प्रत्येक फेरीची नोंद, म्हणजे कारण, चालक, वेळ आणि अंतर, इलेक्ट्रॉनिक फेरी नोंदवहीत ठेवावी लागते. डीलरच्या मुलाने ती गाडी लग्नाच्या वरातीला नेणे हे त्या कारणांत बसत नाही, हे सांगायला नको, पण सांगतो, कारण पाहिले आहे.

तेव्हा गाडी द्यायला जाताना पहिला प्रश्न किमतीचा असू द्या, पण दुसरा प्रश्न 'प्राधिकारपत्र दाखवता का' हा असावा. फॉर्म २९ब भिंतीवर लावलेला नसेल तर मागून पाहावा, त्यावरील नाव आणि ज्याच्या खात्यातून पैसे येणार आहेत ते नाव एकच आहे का हे ताडावे आणि मुदत पाहावी. मग ताबा देण्याच्या दिवशी, किल्ली हातातून सोडण्यापूर्वी, फॉर्म २९क समोर बसून दाखल करून घ्यावा आणि पोचक्रमांक आपल्याकडे आला की मगच उठावे. या कामात परिवहनच्या नोंदीत असलेला मोबाइल क्रमांक कळीचा ठरतो. गाडी घेतली तेव्हा विक्रेत्याच्या शोरूममधील कोणाचा तरी किंवा एजंटाचा क्रमांक तिथे पडलेला असतो आणि ओटीपी त्याच्याकडे जातो, असे मी कितीदा तरी पाहिले आहे. विक्रीचा विचार मनात आला की आठ दिवस आधी तो क्रमांक आपला करून घ्यावा.

डीलर प्राधिकृत नसेल तर काय, हा प्रश्न लगेच येतो, कारण असे डीलर आजही पुष्कळ आहेत. अशा वेळी दोनच सरळ मार्ग उरतात. एकतर गाडी रीतसर त्याच्या किंवा त्याच्या संस्थेच्या नावावर करून द्यावी, किंवा खरेदीदार ठरेपर्यंत गाडी आपल्याच ताब्यात ठेवून त्याच्या नावाने पूर्ण भरलेल्या फॉर्मवरच सही करावी. 'पार्क अँड सेल' नावाचा जो प्रकार चालतो, म्हणजे गाडी डीलरच्या आवारात उभी करायची आणि विकली गेली की पैसे घ्यायचे, त्यात तर विक्रीही झालेली नसते. तिथे गाडी सर्वार्थाने तुमची असते आणि ती बाहेर कोण काढतो यावर तुमचा ताबा शून्य असतो. मला हा प्रकार मुळीच पसंत नाही. करायचाच असेल तर गाडीचा मीटर किती किलोमीटर दाखवतो आहे त्याचा तारखेसह फोटो काढून ठेवावा आणि लेखी करारात वापरास स्पष्ट मनाई लिहून घ्यावी.

हस्तांतरणाचा मूळ कायदा कलम ५० मध्ये आहे आणि तो दिसतो त्यापेक्षा सोपा आहे. गाडी त्याच राज्यात नोंदलेली असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवायचे. दुसऱ्या राज्यात नोंदलेली असेल तर ४५ दिवसांत ना हरकत प्रमाणपत्रासह. आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचे. विकणाऱ्याचे कळवणे म्हणजे फॉर्म २९, आणि नाव बदलण्याचा अर्ज म्हणजे फॉर्म ३०. कळवण्याचे कर्तव्य घेणाऱ्यावर आहे तसे विकणाऱ्यावरही आहे, याकडे बहुतेकांचे लक्ष नसते. 'त्याने करायचे होते, त्याने केले नाही' हे म्हणणे म्हणूनच न्यायालयात फारसे टिकत नाही.

गाडीवर कर्ज असेल तर आरसीवर वित्तसंस्थेचा बोजा चढलेला असतो आणि तो उतरल्याशिवाय किंवा त्या संस्थेच्या संमतीशिवाय नाव बदलत नाही. शेवटचा हप्ता फिटला म्हणजे बोजा आपोआप उतरतो हा गैरसमज फार पसरलेला आहे. बँकेकडून ना हरकत पत्र आणि तिच्या सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ घेऊन तो परिवहन कार्यालयात दाखल केल्यावरच नोंद निघते. बँकेच्या पत्राला मुदत असते. कपाटात दोन वर्षे ठेवलेले पत्र तिथे चालत नाही. कर्ज चालू असताना गाडी विकायची असेल तर डीलर बहुधा 'आम्ही बँकेत भरून टाकतो' असे म्हणतो. एका व्यवहारात डीलरने ती रक्कम आठ आठवडे स्वतःच्या धंद्यात फिरवली, तेवढ्यात विकणाऱ्याचे दोन हप्ते परत गेले, आणि गाडी नसलेल्या त्या माणसाला पुढे घरासाठी कर्ज मागताना त्या दोन हप्त्यांचा खुलासा करत बसावे लागले. म्हणून कर्जाची बाकी रक्कम डीलरच्या खात्यातून थेट कर्जखात्यातच जमा झाली पाहिजे, आणि कर्जखाते बंद झाल्याचे पत्र आल्यावरच ताबा द्यावा, असे मी माझ्या टेबलावर बसणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

दुसऱ्या राज्यातील खरेदीदार असेल तर फॉर्म २८ वरील ना हरकत प्रमाणपत्र लागते. ते देण्यापूर्वी कराची बाकी, प्रलंबित चलने आणि गाडी चोरीच्या नोंदीत नाही ना हे पाहिले जाते. या प्रमाणपत्राबद्दल एक गोष्ट ठासून सांगायला हवी, ती ही की ते म्हणजे हस्तांतरण नव्हे. मूळ कार्यालय त्या कागदाने एवढेच म्हणते की गाडी दुसरीकडे नोंदवायला आमची हरकत नाही. पुढच्या राज्यात नव्या मालकाने कर भरून ती नोंदवली नाही, तर गाडी जुन्या नोंदीत जुन्याच नावाने राहते. प्रमाणपत्र मिळाले, डीलरने व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचा फोटो पाठवला, आणि विकणारा निर्धास्त झाला, असे वारंवार घडते. प्रत्यक्षात त्याच्या बाबतीत काहीच बदललेले नसते.

विम्याचा भाग किचकट आहे, तरी तो समजून घ्यावा. कलम १५७ नुसार गाडीची मालकी बदलली की त्रयस्थाच्या जोखमीचा (थर्ड पार्टी) विमा नव्या मालकाच्या नावे गेला असे मानले जाते, आणि नव्या मालकाने १४ दिवसांत विमा कंपनीकडे नोंद बदलण्यासाठी अर्ज करायचा असतो. मात्र ही मानीव बदली त्रयस्थापुरतीच आहे. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण कंपनीने लेखी बदलून दिल्याशिवाय नव्या मालकाला मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितले आहे. विकणाऱ्याने पाहायचे ते असे की गाडी डीलरकडे उभी असताना विम्याची मुदत संपत तर नाही ना. मुदत संपली, नोंद तुमच्या नावावर आणि गाडी कोणाला चालवून दाखवताना अपघात झाला, तर मघाशी सांगितलेल्या निकालातील परिस्थिती तुमच्यावर येते आणि मागे विमा कंपनीही नसते. आणखी एक, नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, हा गाडीचा नसून विमाधारकाचा असतो. विक्रीचा पुरावा देऊन तो राखून ठेवल्याचे पत्र कंपनीकडून घेतले तर तीन वर्षांच्या आत घेतलेल्या नव्या गाडीला तो लागू करता येतो. अनेक लोक तो जुन्या गाडीबरोबर सोडून देतात.

फास्टॅग काचेवर तसाच ठेवून गाडी देऊ नये. तो क्रमांकाशी आणि तुमच्या खात्याशी जोडलेला असतो, त्यामुळे नवा मालक फिरतो आणि टोल तुमच्या खात्यातून कटतो. शिवाय तुम्ही तो बंद केल्याशिवाय त्याला त्या गाडीसाठी नवा मिळत नाही. महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरपाटी बसवलेली नसेल तर हस्तांतरणाचा अर्ज अडतो, तेव्हा तेही आधी उरकावे. प्रलंबित ई-चलने ताबा देण्याच्या दिवशी तपासून भरावीत आणि त्या दिवशी बाकी शून्य असल्याचा स्क्रीनशॉट ठेवावा; पुढे कोणते चलन कोणाचे हा वाद निघाला तर त्याच्याइतका बोलका पुरावा नाही.

काही डीलर गाडीच्या किमतीतून जीएसटी म्हणून रक्कम कापतात, त्याला नकार द्यावा. डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने जुन्या वाहनांसाठी १८ टक्क्यांचा एकच दर सुचवला आणि पुढे तो लागू झाला, पण तो नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या नफ्याच्या फरकावर लागतो. स्वतःच्या वापराची गाडी विकणाऱ्या व्यक्तीकडून तो वसूल करायचा नसतो.

मालक हयात नसेल तर वारसांनी गाडी थेट डीलरला देऊ नये. मृत्यूची माहिती ३० दिवसांत कळवून तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ वर गाडी आधी वारसाच्या नावावर करून घ्यावी लागते, आणि मगच विक्री. मृत व्यक्तीच्या सहीचे कोरे फॉर्म घरात सापडले म्हणून ते वापरण्याचा सल्ला देणारे एजंट भेटतात. तो सरळसरळ गुन्हा आहे. कंपनीच्या नावावरील गाडीसाठी संचालक मंडळाचा ठराव आणि सही करणाऱ्याचे अधिकारपत्र लागते.

आता प्रश्नकर्त्यांच्या स्वतःच्या गाडीकडे येतो. चार महिन्यांपूर्वी फॉर्म २९क दाखल झाला नाही हे उघड आहे. डीलर प्राधिकृत असेल तर तो आजच दाखल करायला लावावा, पण पोचक्रमांकावर आजचीच तारीख येईल आणि संरक्षणही आजपासूनच मिळेल, हे लक्षात असू द्या. मागील तारीख घालून देतो असे कोणी म्हणाले तर त्यावर विश्वास ठेवू नये. गेलेल्या चार महिन्यांसाठी तुमच्याकडे एकच आधार आहे, तो म्हणजे ताबा पावती. तिच्यावर गाडीचा क्रमांक, चेसिस आणि इंजिन क्रमांक, मीटरवरील किलोमीटर, ताबा दिल्याची तारीख आणि शक्यतो वेळ, आणि डीलरची शिक्क्यासह सही असायला हवी. तेव्हा घेतली नसेल तर बँकेत रक्कम जमा झाल्याचा उतारा आणि त्या काळातील संदेश एकत्र करून, अमुक तारखेला गाडी घेतली असे डीलरकडून आज लिहून घ्यावे. हा कागद अपघातग्रस्ताविरुद्ध तुम्हाला वाचवणार नाही, मात्र डीलरकडून वसुली करताना आणि पोलिसांना उत्तर देताना तोच कामी येईल.

जे चलन आले आहे त्यावरील फोटो, स्थळ, तारीख आणि वेळ उघडून पाहा. ते ताब्यानंतरचे असेल तर ते निमूटपणे भरून टाकू नका, कारण भरणे म्हणजे त्या दिवशी गाडी आपल्याच वापरात होती असे मान्य केल्यासारखे दिसते. त्या चलनावर पोर्टलवरच तक्रार नोंदवून ताबा पावती जोडा आणि गाडी कोणाच्या ताब्यात होती ते कळवा. त्याच वेळी डीलरला पोच मिळेल अशा स्पीड पोस्टने पत्र पाठवून पंधरा दिवसांत हस्तांतरण करावे आणि तोपर्यंत गाडी रस्त्यावर आणू नये असे कळवा, आणि तुमच्या बाजूचा फॉर्म २९ पुराव्यांसह नोंदणी प्राधिकाऱ्याकडे पोच घेऊन दाखल करा. कोऱ्या फॉर्मवर सह्या दिल्या आहेत हेही त्या अर्जात लिहा, म्हणजे उद्या त्यावर भलतीच तारीख पडली तर तुमचे म्हणणे आधीच नोंदलेले राहील. पत्राला उत्तर आले नाही तर त्याच कागदांच्या प्रती घेऊन पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्यावा. विम्याची मुदत मात्र आज संध्याकाळीच पाहा, आणि ती संपत आली असेल तर डीलरशी वाद घालत न बसता त्रयस्थाचा विमा स्वतः भरा. ती रक्कम त्याच्याकडून नंतर मागता येईल.

त्यानंतर दर पंधरा दिवसांनी परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक टाकून मालकाच्या रकान्यातील अक्षरे पाहत जा. ती बदललेली दिसली की त्या पानाची प्रत काढून ताबा पावतीच्या फायलीत लावा, आणि मोबाइलमधील डिजिलॉकरमधून ती आरसी काढून टाका.